तिसऱ्या खुणेवरचा मार

जुलैत, ऐन थंडीत, आमच्या वाय्यापाता गावात बटाटे तुडवायचे दिवस असतात. उघड्या माळावर पसरलेले बटाटे हिवानं दगड होतात, सकाळचं ऊन लागलं की नरम पडतात, आणि मग त्यांच्यावर अनवाणी उभं राहून टाचेनं पाणी काढायचं, म्हणजे वाळून ते वर्षानुवर्षं टिकतात. आधी पाय झोंबतात, मग बधिर होतात, मग ते आपलेच आहेत का हे खाली बघून ठरवावं लागतं. मी आणि माझा नवरा लिबोरिओ असे बटाट्यांवर नाचत होतो, तेव्हा गावचा अध्यक्ष नातालिओ चढ चढून आला. त्याच्या हातात शिक्क्याचा कागद होता.

“पाय थांबवा जरा,” तो धापा टाकत म्हणाला. “मोजनी येतीया. सालसेदोनं अर्ज टाकलाय. वलं रान त्याचं हाय म्हनं.”

“कुनाचं?” लिबोरिओचा एक पाय तसाच वर राहिला.

“त्याचं. हद्दीची तिसरी खून रानाच्या अलीकडं हाय, आसं त्याचं म्हननं. म्हंजे अख्खं रान त्याच्या हद्दीत.”

ओलं रान गेलं तर आमच्याकडे राहणार काय? जूनपासून नोव्हेंबरपर्यंत डोंगरभर तारेसारखं पिवळं गवत असतं. हिरवं काय ते त्या एका दलदलीत. आमची त्रेचाळीस अल्पाका त्यावर जगतात आणि आम्ही त्यांच्या लोकरीवर. जनावरं विकून लिमाला जायचं आणि कुणाच्या तरी घरची भांडी घासायची, असं आमच्या डोंगरातल्या किती घरांनी केलं ते मी बोटांवर मोजलंय. पायाची बोटंही लागली.

सालसेदो म्हणजे खालच्या गावातला ‘दोन’ एवारिस्तो सालसेदो, ‘दोन’ म्हणजे शेठ. त्याच्या आजोबाची, दोन आपारिसिओची, इथं जमीनदारी होती आणि आमचे आजे-पणजे त्याच्या शेतात फुकट राबले. पुढे सरकारनं जमीनदाऱ्या मोडल्या. नातवाकडे आता एक दुकान आणि एक ट्रक आहे, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. तो रस्त्यात भेटला की आम्ही अजून टोपी काढतो, आणि घरी येऊन त्याबद्दल स्वतःलाच शिव्या देतो.

“येऊ दे की मोजनी,” लिबोरिओनं पाय खाली टेकला. “आपल्याकडं कागदआजा हाय.”

कागदआजा त्या वर्षी आमच्याच घरी मुक्कामाला होता. स्पेनच्या राजाच्या काळातलं आमच्या जमिनीचं ते गाठोडं. आत कातडी पिशवी, वर विणलेली कापडं. ते दर वर्षी एकेका घरी राहतं. ते उघडलेलं कुणी पाहिलेलं नाही. घरात वडीलधारं माणूस असावं तसं त्याला वागवायचं. समोर कोकाची पानं ठेवायची, मोठ्यानं बोलायचं नाही, आणि ऑगस्टच्या पहिल्या दिवशी, धरणी तोंड उघडते तेव्हा, त्यालाही चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा, एक घोट पाजायचा. म्हाताऱ्याला कोरडा कसा ठेवणार? वर्षभर मी येता-जाता त्याला चाचपून बघत होते. आत काय लिहिलं असेल, कुणी लिहिलं असेल, माझ्या जिवाला चैन नव्हती. मी हात लावला की माझी सासू चुलीपासून ओरडायची, “विसेंता! त्याला गुदगुल्या हुतात!”

सासूचं नाव बालबिना. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. तिचे डोळे घाऱ्या रंगाचे आणि नाक आमच्यात कुणाचंच नाही असं सरळ आहे. तिची आई दोन आपारिसिओच्या स्वयंपाकघरात कामाला होती. बाप कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. पाठीमागे मात्र गाव तिला ‘सालसेदीण’ म्हणायचं. एकदा कोंबडीवरून भांडण झालं तेव्हा मीही तोंडावर म्हटलं होतं. दोन दिवस ती जेवली नाही. ते आठवलं की मला अजून लाज वाटते.

मोजणीबाई तिसऱ्या दिवशी आल्या. उन्हानं सोललेलं नाक, पाठीवर यंत्राची पेटी, पायात पुरुषी बूट. त्यांनी कुस्कोच्या दफ्तरखान्यात सहा वर्षं काढली होती, त्यामुळे जुनी अक्षरं त्यांना लागत. शाळेच्या पटांगणात टेबल मांडलं. एका बाजूला सालसेदो नवी हॅट घालून खुर्चीवर, दुसऱ्या बाजूला आम्ही चाळीसेक माणसं जमिनीवर. खुर्च्या आमच्याच शाळेच्या होत्या, पण आमच्यातलं कुणी बसलं नाही.

नातालिओनं गाठोडं टेबलावर ठेवलं, पुढे कोकाची तीन पानं मांडली आणि टोपी काढली.

“उघडा,” मोजणीबाई म्हणाल्या.

कुणी हललं नाही.

“उघडत न्हाई आमी,” नातालिओ म्हणाला. “आपल्या आज्याला कुनी चारचौघांत नागडं करतं का?”

“मग मी काय वाचू? गाठी?”

सालसेदो हसत स्पॅनिशमध्ये म्हणाला, “बाई, आत काहीच नाही. चिंध्या पूजतात हे लोक.”

लिबोरिओचे कान लाल झाले. गाठोडं त्या वर्षी त्याच्या हवाली होतं, बोलायचा हक्क त्याचा. “उघडा,” तो म्हणाला. खोटं कशाला सांगू, गाठ सोडायला सगळ्यांत आधी मीच पुढे झाले.

कापडाखाली कापड निघालं, त्याखाली कातडं, आणि मग आंबलेल्या दारूचा असा भपकारा आला की मोजणीबाईंनी मान मागे घेतली. “आजा पिऊनच बसलाय,” मागून कुणीतरी म्हणालं. वरचे कागद चांगले होते. जाड, पिवळे, त्यावर मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं. मोजणीबाई एकेक पान उलटत वाचू लागल्या. साल सतराशे अकरा. वाय्यापाताच्या लोकांनी राजाला साठ लामा जनावरं देऊन ही जमीन कायम करून घेतली.

“कुनाची जमीन?” लिबोरिओनं विचारलं.

“तुमची.”

“आपलीच जमीन आपुनच इकत घेतली?”

“तसंच लिहिलंय.” त्यांनी पान उलटलं. पहिली खूण, दुसरी खूण. पुढचं पान उलटेना. पुढची सहा-सात पानं मिळून एक तपकिरी वडी झाली होती. बोट लावलं तर बुरशी उडाली. शाई कुठेच नव्हती.

“हे कशानं झालं? पाऊस लागला?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. शेवटी नातालिओ टोपीशी चाळा करत म्हणाला, “न्हाई बाई. चिचा.”

“चिचा?”

“दर ऑगस्टात पाजतो. जास्त न्हाई. घोटभर.”

“किती वर्षं?”

“पयल्यापासनं.”

सालसेदो इतका हसला की त्याची हॅट पडली. मी माझ्या पायांकडे बघत राहिले. भेगांमध्ये बटाट्याची माती होती. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, पण राग कुणावर काढायचा? तीनशे ऑगस्ट आम्ही त्याला मायेनंच पाजत आलो होतो.

मोजणीबाई हसल्या नाहीत. त्यांनी वडी बाजूला ठेवली आणि शेवटचं पान उन्हात धरलं. ते वाचता येत होतं. “आणि प्रत्येक खुणेखाली मी एक कौल तीन तुकडे करून कोळशासकट पुरायला लावलं,” त्या सावकाश वाचत गेल्या, “आणि त्या जागी इथल्याच एका मूळनिवासी मुलाला फटके मारवले, म्हणजे मरेपर्यंत त्याला ती जागा विसरता येऊ नये.”

कार्निवलच्या सणात आम्ही हद्दीवरून फिरतो, प्रत्येक खुणेला गाणं म्हणतो, आणि मास्तरांनी बंद करेपर्यंत प्रत्येक खुणेवर एका पोराला पालथं पाडून गोफणीनं मारायचो. ही रीत इन्कांच्या वेळची, असं आमच्या आज्यांनी आम्हाला सांगितलं होतं. मीही माझ्या पोरांना तेच सांगितलं होतं.

“म्हंजे मारायची रीत त्येंची?” लिबोरिओनं विचारलं.

“राजाच्या न्यायाधीशाची. खाली सही आहे.”

“आन् आमी आपली समजून पोरं बडवत आलो.” तो मांडी चोळायला लागला. त्याचा मार दुसऱ्या खुणेवरचा.

त्याच दुपारी पहिल्या खुणेचा दगड हलवून खाली उकरलं. हातभर खोल कोळसा लागला, आणि कोळशात तांबड्या कौलाचे तीन तुकडे. मोजणीबाईंनी ते तळहातावर जुळवले, तर चीर दिसेना. आमच्या डोंगरात कौल कधी नव्हतंच. आधी गवताची छपरं, आता पत्रे. ते कौल बघायला आम्ही पोरांसारखी रांग लावली. सालसेदोही रांगेत होता.

अडचण तिसऱ्या खुणेची. सालसेदो दाखवत होता तो दगडांचा ढीग रानाच्या अलीकडे होता. आमची माणसं म्हणायची, खूण पलीकडच्या चढावर आहे. पण चढ मोठा, सगळा दगडगोट्यांचा, आणि नक्की कुठे ते कुणाला सांगता येईना. कार्निवल आमच्याकडे पावसाळ्यात. चिखल तुडवायचा कंटाळा म्हणून गेली साठ वर्षं आम्ही तिसऱ्या खुणेचं गाणं अलीकडच्या काठावरूनच म्हणत होतो.

“परवा सकाळी जागेवर या,” मोजणीबाई म्हणाल्या. “दोघांनी एकेक जागा दाखवायची. एकच. मी डोंगर उकरत बसणार नाही. कौल निघेल तिथं हद्द.”

तिसऱ्या खुणेवर मार खाल्लेलं कोण उरलंय? नातालिओ मोजायला लागला. दोघं मेले, एक लिमाला, त्याचा फोन लागत नाही.

“आन् बालबिना,” एक म्हातारा म्हणाला. मग सगळे जमिनीकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात बटाट्यांची सालं काढत होते. खालून सालसेदो येताना दिसला. ट्रक रस्त्यावर सोडून चालत आला होता. आमच्या घरात त्या घराण्यातल्या माणसानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. दार ठेंगणं, वाकून आत आला. हातात गव्हाचे चार पाव आणि साखरेची पिशवी. सासू चातीवर सूत काढत होती, तिच्यासमोर मेंढीच्या कातड्यावर तो मांडी घालून बसला आणि आमच्या बोलीत, क्वेचुआत म्हणाला,

“कशी हायस, आत्ये?”

चाती थांबली. अठ्ठ्याहत्तर वर्षांत त्या घरातून तिला ही हाक आली नव्हती. रस्त्यात दिसली की तिच्या सख्ख्या बापाचा मुलगा, याचा बाप, घोडं दुसरीकडे वळवायचा.

“बरी हाय,” ती म्हणाली.

“उद्या तुला वर नेतील. हितं का तितं, म्हनून डोकं खातील. तू म्हन, आटवत न्हाई. म्हाताऱ्या मानसाला कोन नावं ठेवतंय? शेवटाला रगत आपलं एकच हाय, आत्ये. ह्या लोकांनी तुला कवा आपली म्हनलं?”

दाराबाहेर मला सगळं ऐकू येत होतं. त्यानं म्हटलं ते खरंच होतं, हेच वाईट.

सासूनं पाव हातात घेतला, दाबून बघितला. “ताजा हाय का?”

“आजचाच.”

तिनं तुकडा मोडून तोंडात टाकला. तो समाधानानं उठला, पुन्हा वाकून बाहेर गेला. मी लगेच आत आले. “आई, काय म्हनायचं ठरवलंसा?”

“पाव चांगला हाय. खा.”

“आई!”

ती चाती फिरवत राहिली. मग म्हणाली, “आत्या म्हनला तवा कोन कोन व्हतं गं?”

“कोन असनार? मी एकटी.”

“व्हय. तू एकटी.” आणि तिनं उरलेले पाव कापडात बांधून ठेवले.

लिबोरिओला मी काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पण सांगणार काय, तुझी आई पाव खाऊन फिरली? मला तसंच वाटत होतं, आणि वाटतंय याची लाजही वाटत होती.

सकाळी लिबोरिओनं आईला शालीत बांधून पाठीवर घेतलं. दलदलीतून जाताना तो गुडघ्यापर्यंत बुडत होता. वरून सासू त्याला रस्ता सांगत होती, “डाव्या अंगानं. आरं डाव्या! नांगराला जुपल्यावानी काय चालतूस?” आमची अल्पाका मान वर करून ही वरात बघत होती.

आधी सालसेदोच्या ढिगाखाली उकरलं. हात, दीड हात, दोन हात. खडी आणि पाणी. “पाण्यानं कुजलं असेल,” सालसेदो स्पॅनिशमध्ये म्हणाला.

“कौल कुजत नाही,” मोजणीबाई म्हणाल्या. “आता तुम्ही.”

आम्ही पलीकडच्या चढावर आलो. नातालिओ लिबोरिओच्या कानाला लागला, पण डोंगरावर कुजबुजही लांब जाते. “तिला इचारून काय उपेग? रगत आपल्या बाजूला वढतंयच.”

“नातालिओ,” पाठीवरून सासू म्हणाली, “मला मारनारा तुजा बाप व्हता. त्याला आता इचारता यायचं न्हाई. म्हनून मला इचार. उतरव रं मला.”

लिबोरिओनं तिला खाली ठेवलं. ती काठीवर उभी राहून इकडेतिकडे बघत होती. चढावर हजार दगड, सगळे सारखे. सालसेदो तिच्याकडे बघून हलकेच मान हलवत होता. ती चार पावलं गेली, थांबली, पुन्हा मागे आली.

“उभ्यानं न्हाई कळत,” ती म्हणाली. “मी उभी नव्हते.”

आणि ती गुडघे आवळत खाली बसली, मग हात टेकले, मग पालथी पडली. सहा परकर घातलेली अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, गालाला खडी लावून. मी धावले.

“हात लावू नकोस. मला बघू दे.” ती मान तिरकी करून समोरच्या खिंडीकडे बघत होती. “दोगांनी हात धरलं व्हतं. त्वांड आसं दाबलेलं. मारतानी मी डोळं मिटलं न्हाईत. त्या खिंडीतनं बर्फाचं टोक दिसत व्हतं आन् खाली तळ्याचा कोपरा. दोनी एकदम. हितनं तळं दिसत न्हाई. मला वर सरकवा.”

आम्ही तिला उचललं, वर नेलं, पुन्हा पालथं घातलं. “आता टोक न्हाई. डावीकडं.” पुन्हा उचललं. मोजणीबाईही तिच्या शेजारी पालथ्या पडल्या आणि तिच्या नजरेच्या रेषेत बघू लागल्या. चौथ्या वेळी, पाचव्या वेळी. सासूच्या हनुवटीला खरचटलं होतं, परकर मातीनं भरले होते. कुणी हसत नव्हतं. सहाव्यांदा पालथी पडली आणि उठेचना.

“आई?”

“हितं,” ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता, लहान मुलीचा वाटत होता. “हितं मारलं मला.”

तिला बाजूला बसवून लिबोरिओनं तिच्या छातीखालची जागा खणायला घेतली. कुदळ दगडाला लागून ठिणग्या उडत होत्या. हातभर गेलं तरी काही नाही. सालसेदोनं घड्याळ बघितलं. मी धरणीमातेला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, अजून फेडायचं आहे. मग माती काळी झाली. लिबोरिओनं कुदळ टाकून दिली आणि बोटांनी उकरू लागला. एक तुकडा निघाला. दुसरा. तिसरा. त्यानं ते चाटून साफ केले आणि आईच्या मांडीवर जुळवले. तांबडं कौल, चीर दिसेना.

माणसं ओरडली, रडली, नातालिओनं टोपी हवेत फेकली. कुणीतरी चिचाची बाटली काढली आणि खड्ड्याकडे धावला.

“खबरदार!” सासू ओरडली. “एक थेंब वतलास तर! ऱ्हाऊ दे त्याला कोरडं.”

मोजणीबाईंनी यंत्र लावलं, आकडे लिहिले, कागदावर नातालिओची सही घेतली. मग सालसेदोची. त्यानं सही केली, पेन खिशात घातलं आणि निघाला.

“थांब,” सासू म्हणाली. “खून परत बशिवतूय. कुनाला तरी मार पडाया पायजे, न्हाईतर पुन्यांदा इसरतील.”

“मुलांना हात लावायचा नाही,” मोजणीबाई लगेच म्हणाल्या.

“पोरं कशाला? जो इसरला त्याला.” तिनं कमरेची गोफण सोडली, दुहेरी केली आणि सालसेदोकडे बघितलं. “हिकडं ये. काल रगताचं बोलत व्हतास न्हवं? मंग वडीलधाऱ्याच्या हातचा मार खायाला काय लाज?”

सगळे त्याच्याकडे बघत होते. तो हसेल, शिवी देईल, चालू लागेल, असं मला वाटलं. त्यानं खड्ड्यातल्या कोळशाकडे बघितलं. मग त्यानं हॅट काढली, दगडावर ठेवली आणि तिच्यासमोर पाठ करून वाकला.

सासू माझ्या खांद्याला धरून उठली. तिचा हात वर गेला आणि मी मनात म्हटलं, आता काढेल सगळं, सत्तर वर्षांचं. गोफण खाली आली. आवाज झाला, पण फार नाही. एकच फटका.

सालसेदो सरळ झाला. पाठ चोळली. आणि सगळ्या गावासमोर, मोजणीबाईंसमोर, आमच्या बोलीत त्यानं विचारलं, “आत्ये, तुलाबी एवढंच लागलं व्हतं?”

सासू गोफण पुन्हा कमरेला गुंडाळत होती. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग नातालिओकडे, मग आमच्या सगळ्यांकडे.

“न्हाई रं बाळा,” ती म्हणाली. “बाकीच्या पोरांस्नी तीन फटकं मारायचं. मला तुज्या आज्याची पोर म्हनून बारा मारलं.”

नातालिओनं आपली टोपी जमिनीवरून उचलली, पण डोक्यावर घातली नाही.